बांबूउडीचा बादशहा

(बांबूउडीत पंधरा फुटांची उंची प्रथम ओलांडणारे अमेरिकन खेळाडू कॉर्नेलियस वॉर्मरडॅम यांची ही जीवनकथा आहे. शेतातल्या झाडाच्या फांदीपासून त्यांनी सुरुवात केली. हातातला दांडा बदलला की खेळाडूलाही बदलावे लागते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून कळते.)

शाळेच्या क्रीडास्पर्धांत तुम्ही लांब उडी आणि उंच उडी पाहिली असेल. कदाचित त्यांत भागही घेतला असेल. बांबूउडी मात्र फार थोड्या मुलांनी पाहिली असेल. या खेळाला मोठे मैदान लागते, साहित्यही महाग असते.

बांबूउडीत खेळाडू एक लांब दांडा हातात धरून वेगाने धावत येतो. मैदानाच्या टोकाशी जमिनीत एक तिरपी पेटी बसवलेली असते. तो दांड्याचे टोक त्या पेटीत रोवतो आणि त्याच क्षणी उडी घेतो. धावण्याचा सारा जोर दांड्याला मिळतो. दांडा उभा होऊ लागतो आणि त्याला लटकलेला खेळाडू वर जातो. वर जाता जाता तो पाय आभाळाकडे नेतो, अंग उलटे करतो, दांडा मागे ढकलून देतो आणि आडव्या काठीवरून पलीकडे पडतो. हे सारे डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच घडते.

हा दांडा आता बांबूचा नसतो. तरी मराठीत या खेळाचे नाव बांबूउडी असेच राहिले आहे. एके काळी हा खेळ खरोखरच बांबूवर चालत होता. त्या काळाचा बादशहा म्हणजे कॉर्नेलियस वॉर्मरडॅम.

कॉर्नेलियसचा जन्म २२ जून १९१५ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लाँग बीच या शहरी झाला. त्याचे आईवडील हॉलंड देशातून येऊन तेथे स्थायिक झाले होते. हॉलंडच्या लोकांना इंग्रजीत डच म्हणतात. म्हणून पुढे मित्रांनी त्याला डच हेच नाव पाडले. जगभर तो डच वॉर्मरडॅम या नावानेच ओळखला गेला.

त्याचे बालपण हॅनफर्ड या गावाजवळच्या शेतावर गेले. शेतात फळझाडे होती, भाजीपाला होता. घरची सारी माणसे शेतात राबत. कॉर्नेलियसही राबत असे. काम संपले की त्याला उड्या मारण्याचा नाद होता. पण दांडा कोठून आणणार? त्याने पीचच्या झाडाची एक फांदी घेतली आणि तोच आपला दांडा केला. उडी मारून तो शेतातल्या मऊ मातीत पडत असे. त्याच्या थोर कारकिर्दीची सुरुवात अशी झाली.

शाळेत असताना त्याने स्पर्धांत भाग घेतला. तेथे त्याचे नावही झाले. पण तो अजिंक्य वगैरे नव्हता. शाळा संपली आणि तो पुन्हा शेतीच्या कामाला लागला. कदाचित त्याची कहाणी येथेच संपली असती. पण असे सांगतात, की एके दिवशी एक फिरता विक्रेता त्या बाजूने जात होता. पालकाच्या वाफ्यात एक मुलगा दांड्यावर उंच उंच उड्या मारतो आहे, हे त्याने पाहिले. त्याने ही बातमी जवळच्या फ्रेस्नो शहरातील कॉलेजचे क्रीडाशिक्षक फ्लिंट हॅनर यांच्या कानांवर घातली. हॅनर यांनी त्या मुलाला कॉलेजात आणले. मातीत उड्या मारणाऱ्या मुलाला आता एक उस्ताद मिळाला.

त्या वेळच्या दांड्याविषयी थोडे समजून घेतले पाहिजे. पूर्वी बांबूउडीसाठी लाकडाचे जड दांडे वापरत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांबूचा वापर सुरू झाला. बांबू आतून पोकळ असतो. त्यामुळे तो हलका असूनही मजबूत असतो. हलका दांडा घेऊन अधिक वेगाने धावता येते. उत्तम बांबू जपानमधून येत. ते चिरू नयेत म्हणून त्यांच्यावर जागोजागी पट्टी गुंडाळत. बांबूला तडा गेला आहे का, हे खेळाडूला नीट तपासावे लागे. हवेत असताना बांबू मोडला, तर हातपाय मोडण्याची भीती असे.

हा बांबू थोडासा लवत असे, पण फार नाही. तो तसा ताठच होता. ताठ दांड्याचा स्वभाव कडक मास्तरासारखा असतो. तो चूक पोटात घालत नाही. दांडा पेटीत रोवताच सारा धक्का खेळाडूच्या हातांना आणि खांद्यांना बसतो. धावण्यात वेग कमी पडला, तर दांडा अर्ध्या वाटेतच थांबतो आणि खेळाडूला मागे फेकतो. वेग पुरेसा असेल, तरच तो उभा राहून त्याला काठीपलीकडे पोहोचवतो.

म्हणून त्या काळी दांडा किती उंचीवर धरायचा, हा मोठा प्रश्न असे. पकड जितकी वर, तितकी उडी उंच होण्याची आशा अधिक. पण पकड वर नेली, की तोच दांडा उभा करणे अधिक कठीण होते. त्यासाठी अधिक वेग लागतो, अधिक ताकद लागते. मनात आले म्हणून कोणी एकदम हातभर वर पकड घेऊ शकत नसे. चांगले उडीपटूसुद्धा साधारणपणे तेरा फुटांच्या आसपासच दांडा धरू शकत. त्यापुढची उंची अंगाच्या कसरतीने मिळवावी लागे. दोन हातांत अंतर ठेवून दांडा धरायचा, पेटीत रोवताना खालचा हात झटकन वरच्या हाताजवळ न्यायचा, मग दोन्ही हातांच्या जोरावर अंग वर खेचायचे आणि शेवटी हातांवर उभे राहिल्यासारखे होऊन स्वतःला वर ढकलायचे. वॉर्मरडॅम यांच्याजवळ धावण्याचा वेग होता, शेतकाम केलेले बळकट हात होते आणि हे सारे न चुकता करण्याची शिस्त होती.

खाली पडणेही सोपे नव्हते. आजच्यासारख्या जाड गाद्या तेव्हा नव्हत्या. खेळाडू लाकडाच्या भुशात किंवा वाळूत पडत. पंधरा फुटांवरून पडताना पायांवर सांभाळून उतरावे लागे. उडी जितकी उंच, तितके पडणेही मोठे.

१९३७ साली बिल सेफ्टन आणि अर्ल मेडोज या दोन अमेरिकन खेळाडूंनी एकाच दिवशी ४.५४ मीटर उंची ओलांडली. पंधरा फूट म्हणजे ४.५७ मीटर. केवळ तीन सेंटिमीटर कमी पडले होते. पण ते तीन सेंटिमीटर पुढे कोणालाच ओलांडता येईनात. पंधरा फुटांची उंची म्हणजे या खेळातली जणू एक भिंतच होऊन बसली होती.

१३ एप्रिल १९४० हा दिवस उजाडला. कॅलिफोर्नियातील बर्कले येथे स्पर्धा होती. वॉर्मरडॅम तेव्हा चोवीस वर्षांचे होते. काठी पंधरा फुटांवर ठेवली होती. ते बांबू घेऊन धावत आले, त्यांनी उडी घेतली आणि ते काठीवरून पलीकडे गेले. काठी जागेवरच राहिली. माणसाने प्रथमच दांड्याच्या आधाराने पंधरा फूट ओलांडले होते.

त्यानंतर वॉर्मरडॅम थांबले नाहीत. त्याच वर्षी जून महिन्यात फ्रेस्नो येथे त्यांनी ४.६० मीटरचा जागतिक विक्रम केला. १९४१ साली तो ४.७२ मीटरवर नेला. २३ मे १९४२ रोजी मॉडेस्टो येथे ते ४.७७ मीटरवरून पलीकडे गेले. २० मार्च १९४३ रोजी शिकागो येथे छपराखालच्या मैदानात त्यांनी ४.७९ मीटर उंची गाठली. आपल्या कारकिर्दीत त्यांनी एकूण ४३ वेळा पंधरा फूट किंवा त्याहून अधिक उंच उडी मारली. या साऱ्या काळात जगातल्या दुसऱ्या एकाही खेळाडूला पंधरा फूट जमले नव्हते. बॉब रिचर्ड्स हे ती उंची गाठणारे दुसरे खेळाडू. ते साल होते १९५१. म्हणजे जवळजवळ अकरा वर्षे वॉर्मरडॅम त्या उंचीवर एकटेच होते! १९४२ साली त्यांना अमेरिकेतील हौशी खेळाडूंसाठी असलेला सलिव्हन पुरस्कार मिळाला.

एवढा मोठा खेळाडू. मग त्याला ऑलिंपिकची किती पदके मिळाली असतील? उत्तर ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. वॉर्मरडॅम यांना ऑलिंपिकचे एकही पदक मिळाले नाही. पदक तर सोडाच, ऑलिंपिकच्या मैदानावर उडी मारण्याची संधीही त्यांना कधी मिळाली नाही.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्यामुळे १९४० ची ऑलिंपिक स्पर्धा झाली नाही आणि १९४४ चीही झाली नाही. नेमकी हीच वर्षे वॉर्मरडॅम यांच्या भर उमेदीची होती. युद्धाने खेळाची मैदाने ओस पाडली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बांबूउडीत जपानचे शुहेई निशिदा आणि सुएओ ओए हे दोन मित्र दुसरे आणि तिसरे आले होते. त्यांपैकी ओए १९४१ साली युद्धात मारले गेले. जपानमधून येणारे बांबूही बंद झाले. वॉर्मरडॅम यांनीही अमेरिकेच्या नौदलात नोकरी केली.

युद्ध संपले. १९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरले. पण तोवर वॉर्मरडॅम फ्रेस्नो येथील आपल्याच कॉलेजात क्रीडाशिक्षक झाले होते. त्या काळच्या नियमांप्रमाणे खेळ शिकवून पगार घेणारा माणूस हौशी खेळाडू मानला जात नसे. त्याला ऑलिंपिकचे दार बंद असे. लंडनला बांबूउडीचे सुवर्णपदक मिळाले ४.३० मीटर उडीला. १९५२ साली हेलसिंकीला ४.५५ मीटर, १९५६ साली मेलबर्नला ४.५६ मीटर आणि १९६० साली रोमला ४.७० मीटर उडी मारणाऱ्यांनी सुवर्णपदके जिंकली. आता वॉर्मरडॅम यांची १९४२ सालची उडी आठवा. ती होती ४.७७ मीटर! चार ऑलिंपिक स्पर्धांतील एकाही विजेत्याची सुवर्णपदकाची उडी त्यांच्या उडीइतकी उंच नव्हती.

अशा प्रसंगी एखादा माणूस नशिबाला दोष देत बसला असता. वॉर्मरडॅम यांनी दुसरा मार्ग धरला. आपल्याजवळचा हुन्नर दुसऱ्यांना देण्यात त्यांनी उरलेले आयुष्य घालवले. १९४७ पासून १९८० पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे, ते फ्रेस्नो येथे खेळाडूंना शिकवत राहिले.

या तेहतीस वर्षांत त्यांच्या डोळ्यांसमोर दांडा बदलत गेला. बांबूची जागा पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांनी घेतली. धातूचे दांडे बांबूसारखे अचानक चिरत नसत. २७ एप्रिल १९५७ रोजी बॉब गुटोव्स्की यांनी धातूच्या दांड्यावर ४.७८ मीटर उडी मारली. वॉर्मरडॅम यांचा मैदानी विक्रम मोडला, पण किती फरकाने? फक्त एका सेंटिमीटरने! आणि तेही जवळजवळ पंधरा वर्षांनी.

मग आला काचतंतूचा, म्हणजे फायबरग्लासचा दांडा. त्याने सारा खेळच बदलून टाकला. १९६१ साली जॉर्ज डेव्हिस यांनी या दांड्यावर ४.८३ मीटरचा जागतिक विक्रम केला. पुढच्याच वर्षी जॉन युल्सेस यांनी सोळा फूट ओलांडले आणि १९६३ साली जॉन पेनेल यांनी सतरा फूट. पंधरा फुटांपासून सोळा फुटांपर्यंत जायला बावीस वर्षे लागली होती. सोळापासून सतरापर्यंत जायला दोन वर्षेही लागली नाहीत.

हा दांडा धनुष्यासारखा वाकतो. धावण्याचा जोर तो आपल्यात साठवून घेतो आणि सरळ होताना परत देतो. त्यामुळे खेळाडूला अधिक उंचीवर पकड घेता येते. हे तर दांड्याचेच काम, त्यात खेळाडूचे काय, असे तेव्हा पुष्कळजण म्हणत. त्यावर मोठा वाद झाला. शेवटी दांडा कोणत्याही पदार्थाचा असला तरी चालेल, असेच नियमाने ठरले.

पण वाकणारा दांडा म्हणजे सोपा दांडा नव्हे. हे दांडे एकसारखे नसतात. काही मऊ असतात, तर काही कडक. दांडा दोन टोकांवर आडवा ठेवतात, मध्ये ठरावीक वजन टांगतात आणि तो किती खाली लवला हे मोजतात. कमी लवला तर दांडा कडक, जास्त लवला तर मऊ. किती वजनाच्या खेळाडूसाठी तो आहे, हेही त्याच्यावर लिहिलेले असते. नवशिक्याला मऊ दांडा देतात. त्याचा वेग आणि ताकद वाढली, की तोच दांडा त्याला अपुरा पडू लागतो. दांडा फार वाकतो, खेळाडू वर जाण्याऐवजी पुढे फेकला जातो आणि गादीवर फार आत जाऊन पडतो. अशा वेळी त्याला थोडा अधिक कडक दांडा घ्यावा लागतो.

येथेच खरी परीक्षा असते. कडक दांडा साठवलेला जोर अधिक वेगाने परत देतो, म्हणून त्यावर अधिक उंच जाता येते. पण तो वाकवायला अधिक वेग हवा, पेटीत रोवताना हात अधिक उंच हवेत आणि मनात भीती नको. तयारी नसताना कोणी फार कडक दांडा घेतला, तर तो नीट वाकत नाही, उभाही होत नाही. खेळाडू गादीपर्यंत पोहोचतच नाही. उलट मागे धावपट्टीवर आपटतो. म्हणून जाणता शिक्षक शिष्याला एकदम दोन पायऱ्या चढू देत नाही. आधीच्या दांड्यावर उडी पक्की झाली, तीही पुनःपुन्हा झाली, की मगच तो किंचित कडक दांडा हातात देतो. पहिल्या काही उड्यांना पकड थोडी खालीच ठेवायला सांगतो. आधी दांडा उभा झाला पाहिजे, काठीचा विचार नंतर.

वॉर्मरडॅम यांनी बांबूवर जो धडा गिरवला होता, तोच धडा या नव्या दांड्यालाही लागू होता. दांडा पीचच्या फांदीचा असो, बांबूचा असो की काचतंतूचा, खेळाडू जेवढे देतो तेवढेच तो परत देतो. कडक दांडा विकत घेता येतो. तो वाकवण्याची लायकी मात्र मेहनतीनेच मिळवावी लागते. ज्या नव्या साधनाने जुने विक्रम खूप मागे पडले, त्याच साधनाच्या युगात हा बांबूचा बादशहा न कुरकुरता मुलांना शिकवत राहिला. यातच त्यांचे मोठेपण आहे.

खेळाची आवड त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. वयाच्या साठाव्या वर्षीही ते प्रौढांच्या स्पर्धांत उतरत. १३ नोव्हेंबर २००१ रोजी त्यांचे निधन झाले. फ्रेस्नोच्या विद्यापीठातील मैदानाला वॉर्मरडॅम यांचेच नाव दिलेले आहे.

२०२५ साली टोकियो येथे स्वीडनच्या आर्मंड डुप्लांटिस यांनी ६.३० मीटर, म्हणजे वीस फुटांहून अधिक उंच उडी मारली. त्या उंचीपुढे ४.७७ मीटर हा आकडा लहान वाटेल. पण बांबू हातात घेऊन, भुशात पडायची तयारी ठेवून त्या उंचीवर जाणारा माणूस एकच झाला. शेतातली फांदी हातात घेऊन तो त्या वाटेने निघाला होता आणि एकेक बोट वर सरकत तेथे पोहोचला होता.

शब्दार्थ

रोवणे – जमिनीत किंवा खाचेत घट्ट बसवणे
स्थायिक होणे – कायमचे राहणे
नाद – छंद, आवड
फिरता विक्रेता – गावोगाव फिरून माल विकणारा
वाफा – भाजी लावण्यासाठी केलेला जमिनीचा चौकोनी भाग
लवणे – वाकणे
हौशी – पैशासाठी नव्हे, आवडीसाठी खेळणारा
ओस पडणे – रिकामे होणे
हुन्नर – कला, कसब
काचतंतू – काचेपासून केलेले बारीक धागे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कॉर्नेलियसने लहानपणी कशाचा दांडा केला?
(आ) उत्तम बांबू कोणत्या देशातून येत?
(इ) पंधरा फूट उंची ओलांडणारे दुसरे खेळाडू कोण?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ताठ दांड्याला कडक मास्तर का म्हटले आहे?
(आ) वॉर्मरडॅम यांना ऑलिंपिकमध्ये भाग का घेता आला नाही?
(इ) खेळाडूने कडक दांडा केव्हा घ्यावा आणि केव्हा घेऊ नये?

प्र. ३. खालील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा.
(अ) कानांवर घालणे (आ) पोटात घालणे (इ) नशिबाला दोष देणे

प्र. ४. हुन्नर, उस्ताद, हिंमत, मेहनत हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : तुम्ही एखादी गोष्ट पायरीपायरीने कशी शिकलात, ते आठ-दहा ओळींत लिहा.